शब्द पोचला का?

आवाजाचं माझं सगळं शिक्षण मामाकडे झालं. मामाचा धंदा मंडप-स्पीकरचा. धाकटी डहाणूपासून चिंचणी-वाणगावपर्यंत कुठं लग्न असो, पूजा असो, गणपती असो, मामाचं अहुजाचं मशीन, दोन कर्णे, एक लाकडी पेटी आणि रेकॉर्डांचा डबा तिथं हजर. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. पण हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. ‘मशीन तापलंय’, ‘मशीन बसलंय’ असंच बोलायचे. मी तेव्हा सातवीत. सुट्टीत मामाबरोबर जायचो ते लाडूंसाठी, पण गेल्यावर एक काम हमखास गळ्यात पडायचं.

कर्णे माडावर बांधून झाले, वायरी जोडून झाल्या की मामा मला पिटाळायचा. थेट पार वाडीच्या टोकाला, जिथं वलांडीवर बोंबील सुकत असायचे तिथं. मी पोचलो की तो माइकवर एकेक आकडा बोलायचा. “सात... आठ... साठ... आठ... सात...” मी तिकडून हात वर करून दाखवायचं. सातला सात बोटं, आठला आठ बोटं, साठला मूठ. चुकलं की मामा कर्ण्याचं तोंड फिरवायचा, मशीनच्या बटणांशी खेळायचा, पुन्हा आकडे.

एकदा कंटाळून मी धावत येऊन सांगितलं, “मामा, आवाज येतोय की मस्त!”

मामा म्हणाला, “आवाज तं गाढवाचा पण येतो. शब्द पोचला का ते सांग.”

आज इतक्या वर्षांनी वाटतं, स्पीकर निवडण्याबद्दल यापेक्षा मोठं वाक्य मी कुठं ऐकलं नाही. ते वाक्य मी विसरलो आणि त्याची किंमत आमच्या घरानं मोजली, म्हणून हे लिहायला बसलो.

मामा शाळा फारशी शिकला नव्हता, पण जोडणीत कधी चुकला नाही. मशीनच्या पाठीमागं स्क्रूंची एक पट्टी असायची. 4, 8, 16 असे ओहमचे आकडे आणि शेवटी 70 आणि 100 व्होल्ट. त्याच्या कर्ण्यांची युनिटं 16 ओहमची. एक कर्णा लावला तर वायर 16 वर. दोन शेजारीशेजारी जोडले तर दोघांचं मिळून आठ होतं, म्हणून वायर 8 वर. चार जोडले तर 4 वर. मी विचारलं, कर्णे वाढले तर आकडा कमी कसा होतो? मामानं वहीत गणित केलं नाही. खाडीत शाकारलेल्या होडीकडं बोट दाखवलं.

“बोटीला इंजिन असतं न् पंखा असतो. लहान इंजिनाला मोठा पंखा लावला तं इंजिन धापा टाकतं, तापतं, एक दिवस बसतं. मोठ्या इंजिनाला लहान पंखा लावला तं नुसतं पाणी घुसळतं, बोट पुढं जात नाय. मशीन म्हणजे इंजिन, कर्णा म्हणजे पंखा. जोडी जमली पायजे.”

कोळ्याच्या पोराला याहून सोपं कुणी समजावलं नसतं. एकेका कर्ण्यामुळं वीज जायला आणखी एक वाट उघडते, वाटा वाढल्या की अडथळा कमी होतो, आणि मशीनवर ओढ वाढते, हे पुस्तकातलं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर पंख्यावरच माझं भागलं.

जोडणी झाली की मामा रेकॉर्ड लावायचा, आणि पहिली रेकॉर्ड ठरलेली असायची. शांता शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली कोळीगीतं. त्यातल्या एका गाण्यात लता मंगेशकर आणि हेमंतकुमार दोघं आहेत. मामा ते गाणं हौसेनं लावायचा असं सगळ्यांना वाटे. खरं म्हणजे ती त्याची मोजपट्टी होती. लताबाईंचा आवाज कर्ण्यातून वाडीच्या टोकापर्यंत सुईसारखा जायचा. हेमंतकुमार मात्र नाक चिमटीत धरून गातायत असे ऐकू यायचे, कारण कर्ण्याला खर्ज नाही. तोंडाचा आकार आणि लांबी तेवढी नसते, त्यामुळं खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. म्हणून मामा मंडपात बारा इंची स्पीकरची लाकडी पेटी ठेवायचा. पेटी वाढवत वाढवत न्यायचा, आणि हेमंतकुमार छातीतून गायला लागले की थांबायचा. त्याच्यापुढं वाढवली तर गाणं घुमायला लागे आणि लताबाईंचे शब्द त्यात बुडून जात. एकाच गाण्यात खालचा न् वरचा दोन्ही आवाज, दोन्ही ओळखीचे. तपासणीला याहून चांगलं काय मिळणार?

महालक्ष्मीच्या जत्रेत, विवळवेढ्याला, मामा पाळण्यांच्या भोंग्यांमध्ये उभा राहून वैतागायचा. तिथून थोडं लांब वारली लोक तारपा वाजवत गोल धरून नाचत असायचे. वाळक्या दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य, ना वायर ना मशीन. मामा तिथं जाऊन उभा राहायचा. म्हणायचा, “याला म्हणतात जोडी. माणूस, वाद्य न् जागा. एकमेकाला बरोबर मापात.”

हे सगळं शिकून मी मोठा झालो, बोईसरला नोकरीला लागलो आणि टीव्हीसमोर बसून विसरून गेलो.

आता बाबांचं सांगतो. बाबा तांडेल. डोलीची बोट. डोल भरतीओहोटीच्या वेळेवर चालते, दिवस-रात्र बघत नाही. बाबांची बसायची जागा इंजिनाच्या पेटीला लागून. पस्तीस वर्षं ते त्या पेटीच्या कडेला बसले. आम्हा पोरांना ते किनाऱ्यावरून हाका मारायचे तेव्हा आय हसायची. म्हणायची, “यांना वाटतं आपण अजून बोटीवर हाय.” बाबा मोठ्यानं बोलायचे, आणि आम्ही बोललेल्याला मान हलवायचे. “हो, हो.” कधी वाद नाही, कधी नकार नाही. शेजारी आयला म्हणायचे, तुमचा नवरा देवमाणूस.

2012 च्या पावसाळ्यात आमच्या घरात बोटीचा विषय निघाला. बोट धाकट्या भावाच्या नावावर. डिझेल परवडत नव्हतं, मासळी कमी झाली होती, खलाशी मिळत नव्हते, डोक्यावर कर्ज. पावसाळ्याची मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, सगळे घरात. टीव्हीवर मालिका चालू. पत्र्यावर पाऊस. भावानं बाबांना विचारलं, “बाबा, बोट काढून टाकू या का?” बाबांनी मान हलवली. “हो, काढा की. उगाच कशाला ठेवायची?”

ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक आलं. बोट खाडीतून नेली त्या दिवशी बाबा बांधावर उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. आम्ही म्हटलं, वाईट वाटणारच. स्वतःच तर हो म्हणाले होते.

त्यानंतर बाबा घरातच. टीव्ही बघायचे, पण आवाज इतका वाढवायचे की शेजारच्या घरातली मालिका बंद पडायची. तरी मधूनच आयला विचारायचे, “काय बोलला तो?” मला वाटलं, टीव्हीचा आवाज पातळ आहे. चपटे टीव्ही आले तसे त्यांचे स्पीकर बारीक झाले आणि तोंड भिंतीकडं किंवा खाली गेलं. हे खरंही होतं. म्हणून 2014 च्या दिवाळीत बोनस मिळाला तसा मी पाच डबे आणि एक मोठी पेटी असलेलं होम थिएटर घेऊन आलो. खोक्यावर हजारांत वॉट लिहिलेले, आणि पुढं बारीक अक्षरांत पीएमपीओ. आमच्याकडं हा आकडा पाहून माणूस भुलतोच. तो आकडा म्हणजे क्षणभराचा फुगवलेला हिशेब असतो. स्पीकर सतत किती ताकद झेलतो ते सांगणारा आरएमएस आकडा वेगळाच असतो आणि फार लहान. मामा असता तर त्यानं खोकं उघडण्याआधीच ओळखलं असतं. मी मोठी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि चालू केलं.

घर हादरलं. मांडणीवरची भांडी वाजली. पोरं खूश झाली. बाबा पाच मिनिटं बसले आणि उठून ओट्यावर गेले. जाताना म्हणाले, “इंजिन लावलं का घरात?”

मला राग आला. इतक्या हौसेनं आणलेलं. पण बाबांचं बरोबर होतं, हे नंतर कळलं. कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीचा घुमार दोन्ही भिंती आणि जमीन मिळून वाढवतात. खालचा घुमार वाढला की तो वरच्या आवाजांना झाकून टाकतो. शिवाय स्वस्त संचात डबे इतके लहान असतात की पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग त्यांना पेलत नाही. तो पेटीकडं पाठवला जातो. म्हणजे बातम्या देणाऱ्याचं डोकं टीव्हीत आणि पोट कोपऱ्यात. आमच्या फरशीच्या, गिलाव्याच्या, उघड्याबोडक्या खोलीत तर एक टाळी वाजवली तर तीन ऐकू येत. त्यात शब्द कुठला टिकणार?

पुढच्या वर्षी, 2015 च्या जूनमध्ये, मी ठरवलं की आता नीट ऐकून घ्यायचं, आणि ज्याच्यासाठी घ्यायचं त्यालाच ऐकवून घ्यायचं. बाबांना म्हटलं, चला मुंबईला. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल यायला लागली होती. पहाटेच्या गाडीत खिडकी मिळाली. मुंबई सेंट्रलला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडपर्यंत चालत गेलो. त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रेडिओ-स्पीकरवाल्या माणसाच्या तोंडी ते नाव बसलेलं नाही. मामा कर्ण्यांची युनिटं इथूनच आणायचा.

दुकानातल्या पोरानं आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं, पडदा ओढला आणि इंग्रजी सिनेमातली मारामारी लावली. विमानं डोक्यावरून गेली. पोरगा आमच्या तोंडाकडं बघत होता. मी म्हटलं, “हे बंद कर. मी आणलंय ते लाव.” माझ्याकडं पेन ड्राइव्ह होता. त्यात तीन गोष्टी. मामाची ती कोळीगीतं, टीव्हीवरच्या मराठी बातम्यांची दहा मिनिटं, आणि आयनं माझ्या पोरीला झोपवताना म्हटलेलं गाणं, जे मी फोनवर घेतलं होतं. आयचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकतोय. स्पीकरनं त्यात काही घातलं किंवा काढलं तर मला फसवता येणार नव्हतं.

ऐकायची पद्धत मी ठरवूनच गेलो होतो. पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन रिसीव्हर तोलायचे असतील तर स्पीकर तेच. दोन स्पीकर तोलायचे असतील तर रिसीव्हर तोच. दुसरा नियम, दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा. थोडा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगला वाटतो. दुकानदाराला जे खपवायचं असतं त्याचं बटण तो केसभर पुढं सरकवतो. कान कमी आवाजात खर्ज कमी ऐकतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवलं होतं. त्यामुळं आवाज जरा वाढवला की गाणं भरदार झाल्याचा भास होतो. तिसरा नियम, बघायचं नाही. मी बाबांची खुर्ची भिंतीकडं फिरवली. किंमत आणि चकाकी डोळ्यांना दिसली की कान त्यांच्या बाजूनं साक्ष देतात.

दुकानातला पोरगा सारखे आकडे सांगत होता. मला अमर बोसची गोष्ट आठवत होती. 1956 मध्ये अमेरिकेत शिकत असताना या बंगाली बापाच्या मुलानं कागदावरचे आकडे बघून उत्तम म्हणून एक महागडा संच घेतला. घरी लावला तर आवाजानं निराशा केली. आकडे चांगले असताना कानाला का पटत नाही, या प्रश्नामागं तो लागला आणि त्यातून पुढं 1964 मध्ये त्यानं कंपनी काढली. आकडे बघायचे नाहीत असं नाही. काही आकडे कामाचे असतात. एक स्पीकर तेवढ्याच ताकदीत 86 डेसिबल वाजतो आणि दुसरा 90, तर पहिल्याला दुसऱ्याइतकं वाजायला जवळजवळ अडीचपट ताकद लागते. चार ओहमचा स्पीकर लहान रिसीव्हरला जोडला तर मामाचा मोठा पंखा लहान इंजिनाला लागला. एवढं बघून घ्यायचं आणि मग ऐकायचं.

तासाभरात मला कळलं की दोन रिसीव्हरांत फरक होता, पण बारीक. स्पीकरांत फरक मोठा होता. एकावर आय सर्दी झाल्यासारखी गात होती. दुसऱ्यावर तिच्या ‘स’ला धार आली होती, जशी तिच्या आवाजाला नाही. तिसऱ्यावर ती फक्त आय होती. तो किमतीला मधला निघाला. त्याच घराण्यातला मधला स्पीकरही होता. होम थिएटरमध्ये बहुतेक संवाद या मधल्या स्पीकरमधूनच येतो. डावा, मधला आणि उजवा एकाच घराण्यातले नसले तर माणूस पडद्यावर चालत गेला की वाटेत त्याचा आवाज बदलतो. मी आयचं गाणं तिन्हींवर पाळीपाळीनं वाजवून पाहिलं. तिन्हीकडं आयच.

प्रत्येक वेळी बाबांना विचारत होतो. “हा कसा वाटला?”

“चांगला हाय.”

“न् हा?”

“हा पण चांगला हाय.”

सर्दीवाला चांगला, धारेचा चांगला, सगळे चांगले. मला थोडी चीड यायला लागली. इतक्या लांब आणलं ते कशाला? मग एकदम मामा आठवला. मी बातम्या लावल्या, अर्धं मिनिट चालू ठेवून थांबवल्या आणि बाबांच्या पाठीमागं उभं राहून विचारलं, “काय बोलली ती? सांगा.”

बाबा गप्प.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. साध्या आवाजात म्हटलं, “बाबा, मी आकडा बोलतो, तुम्ही बोटं दाखवा. सात.”

भिंतीकडं तोंड केलेल्या बाबांनी आठ बोटं वर केली.

“साठ.”

आठ बोटं.

“आठ.”

आठ बोटं. या वेळी बरोबर, पण मला त्याचा आनंद झाला नाही. बाबांना फक्त ‘आ’ ऐकू येत होता. आजूबाजूचं सगळं गळून गेलं होतं. दुकानातला पोरगा रिमोट हातात धरून उभा होता. त्यानं पहिल्यांदाच आवाज बंद केला.

परतीच्या गाडीत बोलणं शक्य नव्हतं. गर्दी आणि खडखडाट. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. विरारच्या पुढं खाडीचा पूल गेला, तेव्हा ते आपणहून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “इंजिन बंद केलं तरी कानात चालूच असतं. लय वर्षं झाली.”

घरी आल्यावर, टीव्ही बंद करून, आयनं विचारलं, “मग सांगितलं का नाय इतकी वर्षं?” तिच्या तोंडाकडं बघत बाबा म्हणाले, “तांडेलाला ऐकू येत नाय म्हटलं तं खलाशी येतो का बोटीवर?”

हे उत्तर होतं. बोटीवर हातांच्या खुणा चालतात, सगळेच ओरडतात, तिथं झाकून गेलं. घरी मान हलवून झाकलं. मग भावाकडं बघत ते म्हणाले, “बोटीचं पण तसंच झालं. तू ‘काढू या का’ म्हणालास असं वाटलं मना. पुनव जवळ आली होती. म्हटलं, हो, काढा.”

भाऊ उठून बाहेर गेला. बोट काढू या आणि बोट काढून टाकू या. दोन शब्दांचा तो फरक टीव्हीत आणि पावसात वाहून गेला होता. आणि तीन वर्षं आम्ही म्हणत होतो, तुम्हीच तर हो म्हणालात.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवलं. ती खोली पाहून मला लॅमिंग्टन रोड आठवला. कागदावर आलेली रेघ खालच्या सुरांत बरी होती आणि वरच्या सुरांत, दोन हजार हर्ट्झच्या पुढं, कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास वर्षानुवर्षं काढली की असंच होतं. बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी मार बसतो, मग वय बाकीचं करतं. स्वर खाली असतात, ते ऐकू येतात. म्हणून माणसाला वाटतं, आवाज तर येतोय. पण ‘स’चा सगळा जोर चार हजारांच्या वर असतो, ‘त’, ‘श’, ‘फ’ असेच वरचे. ती अक्षरं जातात, आणि शब्द त्या अक्षरांवर उभा असतो.

मामाचे सात, आठ, साठ उगाच निवडलेले नव्हते.

कानात घालायची यंत्रं आली. बाबांनी पहिला महिना कुरकुर केली. पण होम थिएटरचा बेत मी सोडला नाही, कारण डॉक्टर म्हणाले होते की यंत्र घातलं तरी घुमणारी खोली आणि झाकणारा खर्ज त्रास देणारच. म्हणून तो मधला स्पीकर, त्याचे दोन भाऊ आणि साधा रिसीव्हर आणला. मोठी पेटी माळ्यावर टाकली. मागचे डबे लावलेच नाहीत. आमच्या खोलीत मागं भिंतच आहे, तिथून विमान आणून काय करायचं? स्पीकरच्या पडद्याची कड फोमची नको, रबराची घेतली, कारण खारी हवा फोमला लवकर खाते. वायरीची टोकं मामासारखी दर पावसाळ्याआधी घासून घेतो, नाहीतर हिरवी होतात.

मग खोली जुळवली. समोरच्या भिंतीला आयच्या दोन जुन्या गोधड्या टांगल्या, त्यावर पोरांची चित्रं लावली म्हणून त्या गोधड्या आहेत हे पाहुण्यांना कळत नाही. टाळी आता एकच ऐकू येते. मधला स्पीकर टीव्हीखाली, पण शोकेसच्या पोटात नाही. पुढच्या कडेला, तोंड किंचित वर, बाबांच्या कानाच्या रेषेत. रिसीव्हरमध्ये मधल्याचा आवाज बाजूच्यांपेक्षा तीन डेसिबल चढवला. रात्रीसाठी एक सोय असते, मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारी. ती आमच्याकडं दिवसाही चालू असते. खर्ज एकेक अंश कमी करत गेलो. प्रत्येक बदलानंतर माझी पोरगी खोलीच्या दाराआड उभी राहून माइकवर आकडे बोलायची, तो आवाज मधल्या स्पीकरमधून यायचा, आणि बाबा बोटं दाखवायचे. दुपारभर हा खेळ चालला. शेवटी सातला सात आली, आठला आठ, आणि साठला मूठ. पोरीनं मुद्दाम “सत्तर” म्हटलं. बाबा म्हणाले, “ते ठरलं नव्हतं.”

मग मी कोळीगीत लावलं. खरं सांगायचं तर माझ्या कानाला हेमंतकुमार जरा पातळ वाटले. पेटी माळ्यावर होती ना. पण ही जोडणी माझ्या कानासाठी नव्हती.

आता घरात भांडणं वाढली आहेत. बाबा बातम्या ऐकतात आणि मंत्र्यांना नावं ठेवतात. आयनं भाजी आणायला सांगितली तर “नाय, उद्या” म्हणतात. भावाशी मासळीच्या भावावरून वाद घालतात. शेजारी म्हणतात, म्हातारा बदलला. बदलला नाही, त्याला ऐकू यायला लागलंय.

नारळी पुनवेला आम्ही सगळे खाडीवर गेलो होतो. बोटी सजल्या होत्या, कुणाच्या तरी बोटीवर चार स्पीकर लावून गाणं चालू होतं, शब्द कळत नव्हता. गर्दीपासून लांब, बांधाच्या टोकाला मी बाबांजवळ बसलो. खूप दिवस विचारायचं होतं.

“बाबा, तेव्हा नीट ऐकू आलं असतं, तर बोट विकायला नाय म्हणाला असतात?”

बाबांनी थोडा वेळ पाण्याकडं पाहिलं.

“हो म्हटलं असतं. कर्ज होतं ना,” ते म्हणाले. “पण आधी जरा भांडलो असतो.”